‘यात आंबेडकर कुठे आहेत?’ : एका सोळा पानी अंकाच्या निमित्ताने

घाटकोपर पूर्वेच्या एका विहारात मागच्या महिन्यात एक छोटी बैठक झाली. वस्तीतल्या सात-आठ मुलामुलींनी मिळून एक अंक काढायचं ठरवलं होतं आणि त्याची कच्ची प्रत ज्येष्ठांना दाखवायला ते आले होते. ए-फोर कागद मधोमध दुमडून, घडीवर दोन पिना मारून केलेली सोळा पानं. एका मुलीने आपल्या आजीच्या मांडणीवर लिहिलं होतं. १३ एप्रिलच्या रात्री आजी सगळी पितळी भांडी चिंच लावून घासते, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने रचते आणि सकाळी दार मुद्दाम सताड उघडं ठेवते, जाणाऱ्या-येणाऱ्याला मांडणी दिसावी म्हणून. एका मुलाने घराच्या पत्र्याला पडलेल्या भोकांवर लिहिलं होतं. दुपारी त्यातून उन्हाचे गोल कवडसे जमिनीवर पडायचे आणि तो नि त्याचा भाऊ ते तळहातावर धरायचे. आणखी एकीने आपल्या सफाई कामगार वडिलांवर लिहिलं होतं. कामावरून आले की ते आधी आंघोळ करायचे, केसांना खोबरेल तेल लावायचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि मगच चहाला हात लावायचे.

आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी सोळाही पानं शांतपणे चाळली आणि विचारलं, “चांगलं आहे पोरांनो. पण यात आंबेडकर कुठे आहेत?”

मुलं गप्प बसली. मांडणीवर लिहिणारी मुलगी काही क्षण प्रतीकडे बघत राहिली, मग तिने ती घडी घालून बॅगेत ठेवली. पुढचा विषय सुरू झाला.

मीही तेव्हा गप्प बसलो. त्याची लाज वाटते म्हणून हा लेख लिहितो आहे. काकांचा प्रश्न चुकीचा नाही, चळवळीतल्या प्रत्येक कामाला तो विचारलाच पाहिजे. पण प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जाणं चूक होतं. आणि उत्तर आहे. त्या सोळा पानांत आंबेडकर पानोपानी आहेत. ते आपल्याला दिसत नसतील तर दोष आपल्या बघण्यात आहे.

काकांची बाजू

आधी काकांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती त्यांच्या एकट्याची नाही. चळवळीतल्या निम्म्याहून जास्त कार्यकर्त्यांच्या मनात तेच असतं. शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत. अॅट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षं तारखांवर लटकल्या आहेत. कायम नोकऱ्या कंत्राटी झाल्या म्हणजे आरक्षण कागदावर उरलं. गटारात उतरलेली माणसं अजून मरताहेत. अशा वेळी आजीची भांडी आणि पत्र्यातलं ऊन? सौंदर्य हा भरल्या पोटाचा विषय आहे. आपल्याकडे माणसं कमी, पैसा कमी, वेळ कमी, तो लढ्यासाठी वापरा. असा हा युक्तिवाद आहे आणि तो करणाऱ्या माणसाने आयुष्यभर लाठ्या खाल्लेल्या असतील तर त्याला उलट उत्तर देणं सोपं नसतं.

पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सौंदर्य हे त्यांचं आणि दुःख हे आपलं, ही वाटणी. ही वाटणी बाबासाहेबांनी केलेली नाही, ती जातीने केलेली आहे.

नवे बूट आणि मसूरचं स्टेशन

बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटं लेखन आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १९३५च्या सुमारास लिहिलेलं आणि १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून छापलेलं. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील गोरेगावला नोकरीवर. साताऱ्याहून लहानगा भीम, भाऊ आणि भाचे त्यांना भेटायला निघतात. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी आलेलं नाही. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाले दुप्पट पैसे घेतात, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. हे सगळं आपल्याला पाठ आहे, आपण ते भाषणांत सांगतो.

पण त्याच प्रसंगाच्या सुरुवातीला बाबासाहेब आणखी काय लिहितात ते आपण सांगत नाही. प्रवासासाठी मुलांना नवे कपडे शिवले होते. इंग्रजी धाटणीचे शर्ट, चमकदार टोप्या, नवे बूट, रेशमी काठाची धोतरं. पहिल्यांदा आगगाडीत बसायचा आनंद. आणि त्याच्याही आधी एक ओळखीची गोष्ट येते. साताऱ्यात न्हावी होते, पण अस्पृश्यांचे केस कापत नव्हते. म्हणून मोठी बहीण भावांचे केस कापायची, आणि त्यांच्याच डोक्यांवर हात बसवून ती त्या कलेत तरबेज झाली होती.

साठ टक्के भाषणं आपण यातल्या अर्ध्या मजकुरावर करतो. अपमानाचा अर्धा भाग उचलतो आणि रेशमी काठ मागे सोडतो. बाबासाहेबांनी मात्र सोडला नाही. कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित, परक्या वाचकाला अस्पृश्यता काय असते ते समजावून सांगायला बसला, तेव्हा त्याला पस्तीस वर्षांपूर्वीचे नवे बूट आठवले आणि त्याने ते लिहिले. का? कारण नटून-थटून आनंदाने निघालेल्या मुलाला पाणी नाकारलं, हा तो अन्याय आहे. आनंद काढून टाकला तर अन्यायाची उंचीच कळत नाही. वाचणाऱ्याला एक ‘पीडित’ दिसतो, मूल दिसत नाही.

महाडची साडी

दुसरं उदाहरण महाडचं. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, ते आपण दरवर्षी साजरं करतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. काय बोलले? लुगडं कसं नेसायचं हे बोलले. अंगावरच्या ज्या दागिन्यांवरून आणि नेसण्यावरून जात ओळखू येते ते टाकून द्या, नीटनेटक्या राहा, हे सांगितलं. बायांनी ते ऐकून लगेच नेसण्याची पद्धत बदलली.

ज्या परिषदेत हजारो वर्षांचा ग्रंथ जाळला, त्याच परिषदेत साडीच्या निऱ्यांवर बोलायला बाबासाहेबांना वेळ होता. कारण कुणी काय नेसायचं, कोणती भांडी वापरायची, दारात काय मांडायचं, सोनं घालायचं की नाही, हे सगळं जातीने ठरवून दिलेलं होतं. खापराची भांडी आणि उतरलेले कपडे ही मनूची योजना होती. आता त्या मुलीची मांडणी पुन्हा आठवा. जिच्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, ती म्हातारी मुंबईत येऊन पितळी भांडी घेते, घासते, ओळीने रचते आणि दार उघडं ठेवते, तीही १४ एप्रिलला. काका, यात आंबेडकर नाहीत?

‘झीन’ परदेशी, पण अंक आपलाच

बैठकीत दुसरा आक्षेप शब्दावर होता. मुलं आपल्या अंकाला ‘झीन’ म्हणत होती. मॅगझीन या शब्दाचं शेपूट. परवानगी न मागता, जाहिरात न घेता, स्वतः लिहून, स्वतः चित्रं काढून, झेरॉक्सवर काढलेला छोटा अंक. अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांनी १९३०च्या दशकात असे अंक काढले, पुढे पंक संगीतवाल्यांनी आणि स्त्रीवादी मुलींनी ते उचलले. त्यामुळे एकाने टोमणा मारलाच, “हे वांद्र्याच्या कॅफेतलं फॅड इथे कशाला?”

फॅड त्यांचं असेल, परंपरा आपली आहे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघणार होता तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. दुसऱ्याच्या छापखान्यात आपल्याला जागा नाही, म्हणून आपण आपलं पान काढायचं, हा धडा आपण शंभर वर्षांपूर्वीच शिकलो. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मित्रांनी मुंबईत सायक्लोस्टाइल करून ‘शब्द’ काढला आणि मराठीत अनियतकालिकांची लाट सुरू झाली. ‘आम्ही’, ‘विद्रोही’ ही आपल्या पोरांची पानं त्याच लाटेतून, पण आपल्या रागातून आली. औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ कित्येक दशकं चालवलं आणि खेड्यापाड्यातल्या पहिल्या पिढीच्या लेखकाला स्वतःचं नाव छापलेलं बघायला मिळालं.

आणि हेही सोडा. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. पुस्तकांच्या मोठ्या स्टॉलांच्या मधल्या जागेत, खाली प्लास्टिक अंथरून बसलेली माणसं बघा. भीमगीतांच्या पुस्तिका, शाहिरांचे संग्रह, कुणी रिटायर्ड पोस्टमनने स्वखर्चाने छापलेलं आत्मकथन, कुणा शिक्षिकेच्या कविता. पातळ कागद, दोन पिना, मागच्या पानावर लेखकाचा फोटो. ही झीन नाही तर काय आहे? स्वतंत्र छपाईचा एवढा मोठा बाजार या देशात दुसरीकडे क्वचितच भरत असेल. त्याला गोऱ्या कातडीचं नाव नव्हतं म्हणून आपण त्याला चळवळ म्हटलं, कला म्हटलं नाही. नाव झीन ठेवा, अंक म्हणा, पुस्तिका म्हणा. पोरांनी शब्द बाहेरून आणला असेल, पिना मारायची रीत आजोबांची आहे.

चिरागनगरची मैना

‘वैयक्तिक आठवण म्हणजे चळवळीपासून पळवाट’ असं म्हणणाऱ्यांना मी घाटकोपरच्याच चिरागनगरात घेऊन जाईन. तिथल्या झोपडीत अण्णा भाऊ साठे राहिले आणि लिहीत राहिले. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा कशाने पेटायच्या? त्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने. तिचा विषय काय? पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावी राहिलेली आपली बायको आठवते. तिचं रूप आठवतो, तिचा निरोप आठवतो. आणि त्याच विरहाला धरून अण्णा भाऊ बेळगाव, कारवार आणि मुंबईच्या प्रश्नापर्यंत येतात. लाखो गिरणी कामगारांना तो राजकीय प्रश्न कळला, कारण प्रत्येकाची एक मैना गावाला होती.

कुठल्या ठरावाने हे काम झालं असतं? आधी माणसाला स्वतःचं काही आठवावं लागतं, ते गमावल्याची कळ यावी लागते. मग तो रस्त्यावर येतो. अण्णा भाऊंना हे कळत होतं. आपण मात्र त्यांच्या जयंतीला डीजे लावतो आणि पोरांनी आजीवर लिहिलं की विचारतो, यात विचार कुठे आहे.

आपल्या समीक्षकांनी काय नाकारलं

इथे कुणी म्हणेल, दलित साहित्याने सौंदर्यवाद नाकारला, तेच तर त्याचं वेगळेपण. खरं आहे. शरद पाटलांनी ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ लिहिलं, शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिलं. आनंद, रस, सत्यं-शिवं-सुंदरम् या मापांनी आमचं लेखन मोजू नका, असं ठणकावून सांगणं गरजेचं होतं. पण या पुस्तकांच्या नावात ‘सौंदर्यशास्त्र’ हा शब्द आहे, तो त्यांनी टाकून दिलेला नाही. त्यांनी ब्राह्मणी माप नाकारलं. आपण पुढच्या पिढीने आळस केला आणि मोजायची वस्तूच त्यांच्या दारात टाकून आलो. आता संपादकाला दलित लेखकाकडून फक्त जखम हवी असते. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला माझ्या मैत्रिणीने तिच्या आईच्या गोधडीवर लेख पाठवला. उत्तर आलं, ‘छान आहे, पण तुमच्या जातीय अनुभवांवर काही द्याल का?’ तिने गोधडी फाडून दाखवायची का?

हा नवा बहिष्कार आहे. तो गोड बोलतो, मानधनही देतो. तुमचं दुःख छापू, तुमचं सुख आम्हाला पटत नाही, असं म्हणतो. आणि आपल्याच बैठकीत काका नकळत त्याच संपादकाची ओळ बोलले, याचं मला जास्त वाईट वाटलं.

काळ्या माणसांच्या चळवळीतही हे भांडण झालेलं आहे. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, वॉलेस थर्मन या तरुणांनी ‘फायर!!’ नावाचा अंक काढला. समाजाच्या ज्येष्ठांना तो रुचला नाही. समाजाची प्रतिमा बिघडेल, याने लढ्याला काय मिळणार, असे आक्षेप आले. एकच अंक निघाला, उरलेल्या बऱ्याच प्रती पुढे आगीत जळाल्या. पण आज हार्लेमचा इतिहास त्या एका अंकाशिवाय लिहिता येत नाही. त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी कला ही प्रचारच असते असं ठामपणे मांडलं, पण त्याच लेखात सौंदर्यावरचा काळ्या माणसाचा हक्कही तितक्याच ठामपणे सांगितला. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. ब्लॅक पँथरकडून आपण नाव घेतलं, पण हार्लेमचं हे भांडण वाचायचं राहून गेलं.

परिशिष्ट-दोन मध्ये जे येत नाही

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. हा अंक आत्ताच का? पाच वर्षांनी का नाही?

कारण माता रमाबाई आंबेडकर नगर पाडलं जात आहे. एमएमआरडीए आणि एसआरए यांच्या संयुक्त प्रकल्पात सोळा हजारांहून अधिक झोपड्यांचं पुनर्वसन होणार आहे. पूर्व मुक्त मार्ग छेडा नगरपासून ठाण्याच्या दिशेने वाढवायचा आहे, त्याच्या वाटेत नगराचा भाग येतो. पक्कं घर मिळणार असेल तर ते हवंच, त्यावर माझा वाद नाही. गळक्या पत्र्याखाली राहणं ही संस्कृती नाही. घर कधी मिळेल, कुणाला मिळेल, अपात्र ठरलेल्यांचं काय, यावर लढायचं आहे आणि आपण लढतोच आहोत.

पण झोपडपट्टी पुनर्वसनात वस्तीची एक नोंद तयार होते, तिला परिशिष्ट-दोन म्हणतात. झोपडीचा क्रमांक, कब्जेदाराचं नाव, क्षेत्रफळ, निवासी की व्यावसायिक, १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आहे का, पात्र की अपात्र. वस्तीतल्या प्रत्येक बाईने जुनी लाइट बिलं, रेशनकार्ड, मतदार यादीचं पान पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं ते या यादीसाठी. बुलडोझर फिरून गेल्यावर सरकारच्या दप्तरात या वस्तीचं जे काही उरेल ते म्हणजे ही यादी. तिच्यात मांडणीला रकाना नाही. पत्र्याच्या कवडशांना रकाना नाही. कोणत्या गल्लीत भीमगीतांचा सराव चालायचा, कुणाच्या ओट्यावर मुलींनी दहावीचा अभ्यास केला, विहाराची पहिली वीट कुणी पगारातून आणली, कशालाच रकाना नाही.

सोळा पानांचा तो अंक म्हणजे दुसरं परिशिष्ट आहे. ते आपणच भरायचं आहे, आणि बांधकामाच्या आधी. कारण ट्रान्झिटला आणि भाड्याच्या खोल्यांत माणसं पांगली की गल्ली विचारायला गल्लीतली माणसं सापडणार नाहीत. आजीही सापडेल असं नाही.

गरिबी सुंदर करू नका

एक धोका मलाही दिसतो आणि तो मी झाकणार नाही. झोपडीतलं सौंदर्य लिहिता लिहिता झोपडीच सुंदर होऊ लागते. असं लिखाण शहरी वाचकाला फार आवडतं. ‘किती कमी गोष्टींत किती सुखी आहेत ही माणसं’ असं म्हणून तो निर्धास्त झोपतो. आपला अंक त्याची झोपेची गोळी होता कामा नये.

यावर मुलांना मी एकच नियम सुचवेन. सुंदर गोष्ट लिहा आणि तिची किंमतही त्याच पानावर लिहा. भांडी लखलखत होती हे लिहा, आणि ती घासायला पाणी किती वाजता, किती हंडे, कुणाशी भांडून मिळालं तेही लिहा. कवडसे लिहा, आणि जुलैमध्ये त्याच भोकांखाली कोणती टोपं मांडली जायची तेही. पांढरा शर्ट लिहा, आणि दिवसभर अंगावर काय होतं म्हणून तो एवढा पांढरा लागायचा तेही. असं लिहिलं की दया करायला जागा उरत नाही. वाचणाऱ्याला माणूस पूर्ण दिसतो आणि त्याच्याकडून काय हिरावलं तेही दिसतं.

कसा काढायचा

कार्यकर्त्यांना कामाचं बोललेलं आवडतं, म्हणून थोडं कामाचं. सोळा पानांना ए-फोरचे चार कागद लागतात, दोन्ही बाजूंनी. एका बाजूचे दोन रुपये धरले तरी प्रत सोळा रुपयांत पडते, दोनशे प्रती ३,२०० रुपयांत. जयंतीला आपण डीजेला किती मोजतो ते मी इथे लिहीत नाही.

आजीची बोली सुधारू नका. ती ‘पानी’ म्हणत असेल तर ‘पानी’च छापा. ‘आणि’ आणि ‘पाणी’ यांतल्या ‘ण’ने आपल्या कितीतरी लेखकांची तोंडं बंद केली आहेत. ज्याची आठवण आहे त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. नको म्हटलं तर पान काढून टाका, नाव नको असेल तर नाव बदला. फोटो विचारूनच घ्या.

आणि बायांकडे आधी जा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, आठवणी गोळा केल्या म्हणून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ निघालं. ते केलं नसतं तर आज आपण शपथेवर सांगितलं असतं की चळवळीत बाया नव्हत्याच. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांपासून लपवून लिहिलं, ते कागद वीसेक वर्षं घरात दडून राहिले. तुमच्या गल्लीत आजही कुणाच्या तरी डब्याखाली वही असेल. विचारल्याशिवाय ती बाहेर येणार नाही.

इन्स्टाग्रामवर टाकलं तर लाखभर लोक बघतील, असं मुलंच मला म्हणाली. टाका, पण आधी कागद. रील वर सरकतं आणि जातं. अकाउंट उडालं की सगळं गेलं. कागद आजीच्या हातात देता येतो, विहाराच्या कपाटात ठेवता येतो, ६ डिसेंबरला प्लास्टिक अंथरून मांडता येतो. आणि एक विनंती, पहिली प्रत तिथेच मांडा. वांद्र्याच्या कॅफेत नंतर जा, नाही गेलात तरी चालेल.

१० जुलै

शेवटी काकांकडे परत येतो. ११ जुलै १९९७ ला काका रमाबाई नगरात होते. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आपली दहा माणसं मेली. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. त्यांचा आवाज आपल्याला आज ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी तो १९८०च्या दशकातच, ते जिवंत असताना, चित्रपटात टिपून ठेवला होता. मेल्यावर कितीही पश्चात्ताप केला असता तरी तो मिळाला नसता.

तेव्हापासून दर ११ जुलैला कुणीतरी पत्रकार काकांकडे येतो आणि त्या दिवसाबद्दल विचारतो. काका सांगतात. पहिली गोळी कुठे, कोण कुठे पडलं, कुणाला कसं उचललं. सगळं त्यांना पाठ झालं आहे, तारखेसकट. तो दिवस विसरायचा नाही, विसरू द्यायचा नाही.

पण मी त्या मुलांना म्हटलं, पहिल्या अंकासाठी काकांकडे जा आणि त्यांना ११ जुलैबद्दल विचारू नका, १० जुलैबद्दल विचारा. आदल्या संध्याकाळी वस्ती कशी होती? पाऊस होता का? घरात काय शिजलं होतं? कुठल्या घरातून कोणतं गाणं ऐकू येत होतं? जी दहा माणसं गेली त्यांच्यातल्या ज्यांना तुम्ही ओळखत होता, त्यांना काय आवडायचं? कोण कसं हसायचं? त्यांची नावं आपल्या स्मारकावर आहेत, आपण दरवर्षी फुलं वाहतो. त्यांच्या मरणाची मिनिटं आपल्याला माहीत आहेत आणि त्यांच्या जगण्यातला एक तासही नाही. सरकारने त्यांना गोळीने मारलं. आपण त्यांना फक्त मेलेले म्हणून आठवत राहिलो तर उरलेलं काम आपल्या हातून होतं.

मुलं परवा काकांकडे गेली होती. काका आधी म्हणाले, “ते काय विचारायचं असतं का?” मग बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “रविवारी या. आठवून ठेवतो.”

काय आठवेल ते रविवारी कळेल. आठवलं तर ते पान पहिलं असेल. मांडणीचं पान दुसरं. ती मुलगी ते पुन्हा बॅगेतून काढायला तयार झाली आहे.

प्रत्येक वस्तीत, चिरागनगरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, असे अंक निघाले पाहिजेत. ज्यांच्या घरांवर नोटिसा लागल्या आहेत त्यांनी आधी काढावेत. चार कागद, दोन पिना आणि एक आजी एवढं भांडवल पुरतं.

जय भीम!